तिची वही, तिचे चेहरे

'माझी लेक दहावीत आहे. सहा महिन्यांपासून ती फक्त स्वतःचा चेहरा काढते. कधी त्याला तोंडच नसतं, कधी अर्धा चेहरा मुलाचा, कधी केसांच्या जागी पिसं. केसही बॉयकट केले. परवा ती ट्यूशनला गेली असताना मी तिची वही उघडली. तिला कळलं, तेव्हापासून अबोला आहे. तिला काही झालं तर नाही ना? बोर्डापर्यंत चित्रं बंद करू का?'
– एक आई, महाल, नागपूर

ताई, चित्रं बंद करू नका. या वयात मुलांचा आवाज, अंग, मैत्रिणी सगळंच बदलत असतं आणि आपण कोण, हे त्यांचं त्यांनाच उमगलेलं नसतं. तुमची लेक ते कागदावर करून बघतेय. डच चित्रकार रेम्ब्रांही तरुणपणी आरशासमोर तोंडं वेडीवाकडी करून स्वतःलाच चितारत असे. तो मुलाचा चेहरा तिच्या मनातला खरा असेल, किंवा चार पानांनंतर नसेलही. काहीही असलं तरी ती तुमचीच आहे, हे तिला तुमच्या वागण्यातून दिसू द्या.

तुम्ही महालातल्या, म्हणून सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी काळी-पिवळी मारबत आणि ते बडगे, म्हणजे मिरवणुकीतले पुतळे, तुम्ही लहानपणापासून पाहिले असतील. जे छळतं त्याला बांबू-कागदाचं रूप द्यायचं आणि 'घेऊन जा गे मारबत' म्हणत गावाबाहेर न्यायचं, हे नागपूर 1880 च्या दशकापासून करत आलंय. तिचं तोंड नसलेलं चित्र मला त्याच जातीचं वाटतं. फक्त तिची मिरवणूक अजून वहीतच आहे, आणि तुम्ही न बोलावता तिथे गेलात.

म्हणून माफी मागा. 'तुझ्या काळजीपोटीच पाहिलं' असं पुढे जोडू नका, माफी तिथेच बाटते. चित्रांचा अर्थ विचारू नका. तिने आपणहून दाखवलं, तर पिसं कशानं रंगवलीस, एवढं विचारा. अभ्यासाचं वेळापत्रक तिलाच करू द्या, चित्रांचा तास धरून. एखाद्या रविवारी चितार ओळीत मूर्ती घडताना बघायला दोघी जा. ओल्या मातीपुढे उभं राहिलं की बोलणं सोपं जातं.

मात्र तिची झोप, जेवण तुटलं, ती स्वतःला इजा करतेय किंवा जगणं नको म्हणतेय असं दिसलं, तर थांबू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा, किंवा 14416 वर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन करा. ती सरकारी आणि मोफत आहे.

माफी आज रात्रीच मागा, वही तिच्या हातात देऊन.