हीटर आणि एसी दोन्हींचा ब्लोअर मधूनच बंद पडतो. मोटर बदलावी का?

तुम्ही लिहिलंय की गाडी जुनी आहे, ब्लोअर चालता चालता थांबतो, खड्ड्यात गाडी आदळली की कधी कधी आपोआप सुरू होतो आणि मेकॅनिक मोटर बदला म्हणतोय. मोटर खराब असूही शकेल. पण ब्लोअर बंद पडलेला असताना मोटरच्या दोन वायरींमध्ये किती व्होल्ट येतात, हे पाहिल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका. चालू अवस्थेत केलेली तपासणी इथे फारशी कामाची नसते. गॅरेजमध्ये गाडी नेली की ब्लोअर व्यवस्थित चालतो आणि मग अंदाजाने पार्ट बदलले जातात, पैसे जातात आणि बिघाड तिथेच राहतो.

आधी एक खात्री करून घ्या. ब्लोअर थांबतो म्हणजे पंख्याचा आवाजही थांबतो ना? एसी बराच वेळ चालल्यावर आवाज तसाच राहून फक्त हवा कमी होत असेल, तर इव्हॅपोरेटरवर (एसीची हवा थंड करणाऱ्या जाळीवर) बर्फ धरतोय. तो वेगळा आजार आहे, मोटरशी त्याचा संबंध नाही. आवाजच बंद होत असेल तर गॅस, कॉम्प्रेसर, हीटर कोअर (हीटरची हवा गरम करणारा भाग) हे सगळं विसरा. हीटर आणि एसी दोघांनाही हवा ढकलणारा पंखा एकच असतो, त्यामुळे शोध फक्त त्याच्या विजेच्या वाटेवर घ्यायचा.

कोणत्या स्पीडला बंद पडतो हेही पाहा. खालचे स्पीड गेले आणि सर्वात वरचा चालू राहिला, तर बहुतेक वेळा रेझिस्टर (करंट अडवून स्पीड कमी करणारा भाग) गेलेला असतो, कारण वरच्या स्पीडला करंट रेझिस्टरला वगळून थेट मोटरकडे जातो. सगळेच स्पीड एकदम जात असतील तर एकट्या रेझिस्टरवर संशय घेऊ नका. तुमच्या वर्णनावरून हा दुसरा प्रकार वाटतो.

आता मुख्य तपासणी. बहुतेक गाड्यांत मोटर ड्रायव्हरशेजारच्या सीटसमोर, ग्लोव्ह बॉक्सच्या खाली किंवा मागे असते. त्या भागात एअरबॅगचं वायरिंगही असू शकतं. ते सहसा पिवळ्या रंगाचं असतं, त्याला अजिबात हात लावू नका. मोटरचा कनेक्टर काढायचा नाही, जोडलेलाच ठेवायचा. त्याच्या मागच्या बाजूने दोन्ही वायरींच्या पिनांपर्यंत बारीक प्रोब (मीटरची टोकं) घाला आणि मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावा. कनेक्टर काढून मोजलं तर फसगत होते: जळक्या, अर्धवट टेकणाऱ्या पिनेतूनही मीटरला पूर्ण १२ व्होल्ट दिसतात, कारण मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. मोटरचा भार असतानाच खरं चित्र कळतं.

स्पीड सर्वात वरचा ठेवा आणि ब्लोअर बंद पडायची वाट बघा. गाडी चालवत असाल तर मीटर शेजारी बसलेल्या माणसाने बघावा, तुम्ही नाही.

पंखा थांबलाय आणि दोन वायरींमध्ये १२ व्होल्टच्या आसपास आहेत? मग दोष मोटरचाच. मोटरच्या फिरत्या भागाला वीज देणारे कार्बन ब्रश झिजलेले असतात, किंवा ते ज्यावर टेकतात त्या कम्युटेटरचा एखादा भाग खराब झालेला असतो. अशा वेळी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने मोटरच्या आवरणावर हलकं ठोकलं की ती बऱ्याचदा पुन्हा फिरायला लागते. खड्ड्यात सुरू होण्याचं हे एक कारण झालं, पण सैल कनेक्टरही खड्ड्यात तसाच वागतो. म्हणून नुसत्या ठोकण्यावर निकाल देऊ नये, मीटर हवाच.

पंखा थांबलाय आणि दोन वायरींमध्ये शून्य आहे? मग मीटरची काळी वायर बॉडीच्या स्वच्छ धातूला लावा आणि मोटरची एकेक वायर मोजा. दोन्हींवर १२ व्होल्ट आले तर वीज मोटरपर्यंत पोचतेय, परतीची वाट तुटलीय. बऱ्याच जुन्या गाड्यांत स्पीडचा स्विच आणि रेझिस्टर या परतीच्या बाजूलाच असतात, त्यामुळे स्विच, त्याचा कनेक्टर आणि बॉडीला जाणारी अर्थची वायर तपासा. दोन्हींवर शून्य आलं तर पुरवठाच थांबलाय: फ्यूज आणि त्याचा सॉकेट, रिले (विजेने चालणारा स्विच), किंवा इग्निशन स्विच (चावीचा स्विच). चावी किंचित हलवल्यावर ब्लोअर सुरू होत असेल तर इग्निशन स्विचचे कॉन्टॅक्ट पाहा.

(ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल असेल तर रेझिस्टरऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं. तिथेही पुरवठा आणि अर्थ याच पद्धतीने तपासता येतात, पण पुढचं काम त्या गाडीचा वायरिंग डायग्राम समोर ठेवूनच करावं.)

माझा सर्वात जास्त भर कनेक्टरवर आहे, कारण पार्ट बदलला जातो आणि कनेक्टर तसाच राहतो. हिशोब करून बघा. वरच्या स्पीडला मोटर २० अँपिअर घेतेय आणि एका पिनेत गंजामुळे फक्त ०.१ ओहमचा अडथळा आलाय असं धरा. तेवढ्याने २ व्होल्ट तिथेच खर्च होतात आणि त्या इवल्याशा पिनेत ४० वॅट उष्णता तयार होते, म्हणजे एक सोल्डरिंग आयर्नच प्लॅस्टिकच्या कनेक्टरमध्ये तापत ठेवल्यासारखं. पिन तापते, तिची पकड सैल होते, अडथळा वाढतो, ती आणखी तापते. थंड असताना चालतो आणि वीसेक मिनिटांनी थांबतो, अशा ब्लोअरमध्ये हा प्रकार पुष्कळदा सापडतो. कनेक्टर उघडून पिनांचा रंग बघा. तपकिरी किंवा काळी पडलेली पिन, वितळलेली कड दिसली तर पिना घासून भागवू नका. वायरचा जळका भाग कापून नवीन कनेक्टर बसवा. आणि फ्यूज वारंवार जात असेल तर जास्त अँपिअरचा फ्यूज कधीही टाकू नका, वायरिंग पेटू शकतं.

कनेक्टर जळलेला सापडला तरी मोटरला लगेच निर्दोष ठरवू नका. जड फिरणारी मोटर जास्त करंट ओढते आणि तीच रेझिस्टर व कनेक्टर जाळते. पंखा हाताने फिरवून बघा, तो मोकळा फिरला पाहिजे. पंख्याखाली पाला साचलाय का, पुढच्या काचेखालच्या जाळीतून पावसाचं पाणी मोटरवर गळतंय का, हेही बघा. नवीन कनेक्टर बसवल्यावर डीसी मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने (वायरभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणाऱ्या मीटरने) वरच्या स्पीडचा करंट घ्या आणि ब्लोअरच्या फ्यूजवर लिहिलेल्या आकड्याशी ताडून पाहा. तो आकडा गाठत असेल तर मोटर बदला, तेव्हा तो खर्च योग्य ठरेल.