१३० मिमीची न्यूटोनियन दुर्बीण घेतली आहे, क्लच सोडला की नळी एका बाजूला लोळते. बॅलन्स कसा करायचा? (मी जळगावला राहतो)

क्लच (अक्ष जागेवर पकडणारा स्क्रू) घट्ट आवळला की नळी थांबते, पण स्लो मोशनची (नळी सावकाश हलवायची) केबल फिरवली की गुरू आधी हलत नाही आणि मग एकदम उडी मारतो. क्लच आवळून तोल साधत नाही, फक्त झाकला जातो. सगळं ओझं गिअरच्या दातांवर जातं आणि उडी तिथूनच येते.

आधी माउंट बघू. इक्वेटोरियल माउंटचा (ताऱ्यांच्या मागे फिरणाऱ्या बैठकीचा) आरए अक्ष, म्हणजे नळी पूर्व-पश्चिम फिरवणारा अक्ष, ध्रुवाकडे रोखलेला हवा आणि ध्रुवाची उंची म्हणजेच तुमचा अक्षांश. जळगावला तो २१ अंश. स्वस्त माउंटवरच्या पट्टीत एक-दोन अंशांची चूक सहज असते, म्हणून शेवटी ध्रुवतारा बघूनच खात्री करा. हात ताठ करून पंजा फाकवा आणि अंगठा क्षितिजावर टेकवा. करंगळीच्या टोकाच्या किंचित वर ध्रुव सापडेल. इतका खाली असल्यामुळे शेजारच्या गच्चीवरची पाण्याची टाकीही त्याला झाकते, तेव्हा जागा दिवसाच हेरून ठेवा. हिवाळ्यात संध्याकाळी सप्तर्षी खाली गेलेले असतात, तेव्हा शर्मिष्ठा तारकासमूहावरून शोधा.

उंचीचे दोन स्क्रू समोरासमोर असतात. एक सैल केल्याशिवाय दुसरा आवळू नका, बोल्ट वाकतो. हे काम नळी चढवण्याआधीच उरकायचं.

आपल्याकडची एक खास अडचण म्हणजे २१ अंशांवर आरए अक्ष जवळजवळ आडवा पडतो, त्यामुळे काउंटरवेटचा (नळीचा तोल साधणाऱ्या वजनाचा) दांडा जवळपास सरळ खाली लटकतो, तोही किंचित उत्तरेकडे झुकून. तिवईचा एक पाय उत्तरेला असेल तर वजन त्याला अडतं. माउंटची रचना परवानगी देत असेल तर तिवई अशी फिरवा की उत्तरेला दोन पायांमधली मोकळी जागा येईल.

आता तोल. आधी वजन चढवा, मग नळी. दांड्याच्या टोकाचा सुरक्षा स्क्रू विसरू नका, नाहीतर वजन घसरून थेट पायाच्या बोटांवर येतं. निरीक्षणाच्या वेळी जे असेल ते सगळं लावा : फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण), नेहमीचा आयपीस (डोळा लावायचं भिंग). तोंडावरचं झाकण मात्र काढलेलं हवं.

नळीचं तोंड ध्रुवाकडे करून डेकचा (आरएला काटकोनातल्या दुसऱ्या अक्षाचा) क्लच आवळा. मग दांडा आडवा करा आणि नळी एका हाताने धरूनच आरएचा क्लच सोडा. नळी आरए अक्षाला समांतर ठेवल्यामुळे ती पुढे-मागे जड असली तरी या मोजणीत तो गोंधळ येत नाही. नळी खाली गेली तर वजन टोकाकडे सरकवा, वजन खाली गेलं तर आत. हिशोब तराजूचाच : ४ किलोची नळी अक्षापासून १८ सेंमीवर असेल तर ३ किलोचं वजन २४ सेंमीवर (दांड्याचं स्वतःचं वजन सोडून). वजन अगदी टोकाला नेऊनही पुरत नसेल तर दुसरं घ्या. अक्षाजवळची दोन वजनं टोकावरच्या एकापेक्षा चांगली, थरथर लवकर थांबते. दांड्याचा व्यास मोजून दिला तर लेथवाला लोखंडी गोळा सहज करून देतो.

मग आरए आवळा, दांडा तसाच आडवा, डेकचा क्लच सोडा आणि नळी जमिनीला समांतर करा. तोंडाची बाजू जड वाटली तर नळी धरणाऱ्या कड्या थोड्या सैल करून नळी मागे सरकवा, नाहीतर पुढे. जागा सापडली की कडीच्या कडेला चिकटपट्टी लावा, पुढच्या वेळी हा सगळा खटाटोप वाचतो.

फसगत होते ती ग्रीसमुळे. अशा माउंटमधलं ग्रीस इतकं चिकट असतं की तोल नसतानाही नळी जागेवर थांबते आणि आपल्याला वाटतं झालं. म्हणून नळी थांबली का एवढ्यावर जाऊ नका. एका बोटाने आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला ढकला. दोन्हीकडे सारखाच जोर लागला पाहिजे.

नळी आडवी असताना तोल बरोबर आणि वर रोखली की बिघडतो, असं झालं तर दोष फोकसर (आयपीस बसतो तो भाग) आणि फाइंडरचा आहे. ते नळीच्या एकाच अंगाला असतात. कड्यांत नळी गोल फिरवून फोकसर दांड्याच्या रेषेत, माउंटपासून बाहेरच्या बाजूला आणा आणि डेक पुन्हा तपासा. मोटार लावणार असाल तर पूर्वेची बाजू कणभर जड ठेवा, म्हणजे गिअरचे दात एकाच बाजूने टेकून राहतात. हाताने फिरवताना याची गरज नाही.

एवढं करूनही एप्रिल-मेमध्ये गुरू उकळत्या पाण्यासारखा थरथरताना दिसेल. तो दोष तोलाचा नाही, दिवसभर तापलेल्या स्लॅबचा आहे. शक्य असेल तर अंगणात मातीवर लावा आणि आरशाला बाहेरच्या हवेत निदान पाऊण तास द्या. आवरताना क्रम उलटा : नळी आधी उतरवायची, वजन शेवटी.