कंपनीचं नाव न घेता

"मॅडम, आत्ता सोडलं तर एवढ्या मोठ्या नावाचा पुढे उपयोग होईल का? की अजून दोन वर्षं काढू?"

समुपदेशक म्हणून हा प्रश्न मी आता इतक्यांदा ऐकला आहे की समोरचा खुर्चीत बसतानाच ओळखू येतो. वय पंचविशी-तिशीचं, नामांकित कन्सल्टिंग कंपनीत, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांना सल्ला देणाऱ्या कंपनीत, दीड-दोन वर्षं झालेली, झोपेचं खोबरं. घरच्यांचाही प्रश्न तोच, फक्त दुसऱ्या टोकाने: "एवढं नाव मिळालंय, ते कुणी सोडतं का?"

म्हणून मृणालबद्दल लिहिते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मृणाल कराडची. इंजिनिअरिंग, मग एमबीए, कॅम्पसवरच निवड. सोमवारी पहाटेचं विमान, शुक्रवारी रात्री घरी, मधले दिवस क्लायंटच्या गावी आणि रात्री दोनपर्यंत स्लाइड्स. पहिल्याच भेटीत म्हणाली, "काम जमत नाही असं नाही. रेटिंग चांगलं आहे. पण मला हे करायचं नाहीये, आणि सोडायची हिंमत होत नाही."

"सोडलंस तर काय होईल?"

"मी कोणीच राहणार नाही."

त्या दिवशी वहीत मी एवढंच वाक्य लिहिलं. माझी जडणघडण अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत झाली. घटनेपेक्षा तिला आपण चिकटवलेला अर्थ माणसाला जास्त छळतो, यावर इतक्या वर्षांनीही माझा पूर्ण विश्वास आहे. त्यामुळे माझा कान 'च'कडे असतो. 'असायलाच हवं', 'जमलंच पाहिजे', 'कोणीच नाही'. मराठीत माणसाचा हट्ट आणि भीती दोन्ही या एका अक्षरात सापडतात.

तिसऱ्या भेटीला वडील आले. वीज मंडळातून निवृत्त. त्यांनी पाकीट उघडून गजानन महाराजांच्या फोटोमागून मुलीचं व्हिजिटिंग कार्ड काढलं, कडा मऊ पडलेलं. म्हणाले, "आमच्या गल्लीत या कंपनीचं नाव माहीत असलेले चारच जण आहेत, मॅडम. पण ते चौघं आता थांबून बोलतात माझ्याशी." मी त्यांना काहीही समजावलं नाही. आयुष्यभर खांबावर चढलेल्या माणसाचं ते सुख होतं आणि ते खरं होतं.

पुढच्या वेळी मृणालला म्हटलं, "पाच मिनिटं तुझ्या कामाबद्दल बोल. कंपनीचं नाव घ्यायचं नाही, क्लायंटचं नाही, साहेबांचं नाही."

"आम्ही... म्हणजे आमच्या टीमने एक ट्रान्स्फॉर्मेशन..." आणि ती थांबली. मीही गप्प राहिले. अशा वेळी न बोलणं हे माझ्या कामातलं सर्वात अवघड कसब, आणि ते मी कष्टाने कमावलं आहे. पंख्याचा आवाज येत होता. मग ती हळूहळू बोलू लागली.

"भिवंडीला एक गोदाम होतं. गाड्या सुटायला उशीर होतो म्हणून मालक माल चढवायला आणखी दोन डॉक बांधणार होते. मी तीन रात्री तिथे उभी राहिले. गाड्या भरून तयार असायच्या, पण गेटपासवर सही करणारा एकच माणूस. तो साडेनऊला जेवायला गेला की लागलेली रांग बारापर्यंत हलायची नाही. डॉक पुरेसे होते. सही कमी पडत होती."

"मग?"

"दुसऱ्या एकाला सहीचा अधिकार दिला. डॉक बांधावे लागले नाहीत."

"हे शोधलं कुणी?"

ती जरा वेळ बघत राहिली. "मी." मग सरळ बसून, "मीच शोधलं."

हा 'च' मी तिला सोडायला सांगितला नाही.

त्या दिवशी मलाही काही उमगलं. तोवर मी तरुणांना सांगायची, नावाच्या मागे लागू नका. ते अर्धंच खरं होतं. नावाला बाजारात किंमत आहे आणि ती का आहे हे अर्थतज्ज्ञ मायकेल स्पेन्स यांनी 1973 मध्येच मांडलं. 2001 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा याच कामासाठी होता. अनोळखी माणसाची कुवत मालकाला दिसत नाही, म्हणून तो सहजासहजी मिळत नाही अशी खूण शोधतो. मोठं नाव म्हणजे 'याला आधीच कुणीतरी चाळणीतून काढलंय' ही खूण. तुमच्याबद्दल दुसरं काहीच माहीत नसतं तेव्हा ती सर्वात जास्त चालते. पुढे जितकं तुमचं काम दिसू लागतं, तितकी ती मागे पडते. पेप्सिकोच्या माजी प्रमुख इंद्रा नूयी बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुपमध्ये होत्या, गूगलचे सुंदर पिचाई मॅकिन्झी या कन्सल्टिंग कंपनीत; आज त्यांची ओळख कुणी त्यावरून देत नाही. आणि हिशेब तपासणाऱ्या आर्थर अँडरसन या फर्मसारखं जगभर वजन असलेलं नाव एन्रॉन कंपनीच्या हिशेबातल्या घोटाळ्यानंतर 2002 मध्ये बघता बघता कोसळलं. तिथली माणसं आपापलं कसब घेऊन दुसऱ्या फर्ममध्ये गेली, कामाला लागली.

म्हणून अशा मुलांना मी आधी विचारते, त्या नावाखाली तू नेमकं काय करतोस? एकाच कंपनीत मुंबईत क्लायंटसमोर बसणारा आणि गुरुग्रामच्या केंद्रात माहिती जुळवणारा, दोघांच्या बायोडेटावर नाव तेच असतं. जाणता मुलाखतकार दुसऱ्याच मिनिटाला फरक काढतो. चाकणच्या सुट्या भागांच्या कारखानदाराला तर नावाचं काही नसतं, तो विचारतो, "शॉपफ्लोअरवर उभी राहिलीस का कधी?" दोन वर्षांच्या आकड्यात जादू नाही. एक काम सुरुवातीपासून शेवटापर्यंत हातावेगळं करा, म्हणजे सांगायला गोष्ट राहते. मात्र जेवण-झोप-तब्येत ढासळली असेल तर महिने मोजत बसू नका. सोडण्यात कमीपणाही नाही. या कंपन्यांची रीतच 'वर चढा, नाहीतर बाहेर पडा' अशी आहे, आणि बाहेर पडलेल्यांशी त्या आवर्जून संबंध ठेवतात, कारण उद्या तेच क्लायंट म्हणून समोर येतात. सोडताना माणसं तोडू नका, एवढं पुरे.

मृणालने हातातलं काम संपवून चार महिन्यांनी राजीनामा दिला. नाशिकजवळ द्राक्षं निर्यात करणाऱ्या एका कंपनीत गेली, पगार बराच कमी. वडील दोन आठवडे धड बोलले नाहीत.

मध्यंतरी फोन आला. मुंबईच्या एका मोठ्या खाद्यपदार्थ कंपनीत मुलाखत झाली होती. बोलावणं जुन्या नावामुळेच आलं, असं तिथल्या एचआरने तोंडावर सांगितलं. "पण मॅडम, त्या कंपनीबद्दल एकच प्रश्न विचारला. उरलेला पाऊण तास न्हावाशेवा बंदरावर द्राक्षांच्या कंटेनरचं तापमान का चढतं यावर गेला."

मी बाबांची चौकशी केली. जुनं कार्ड अजून त्यांच्या पाकिटात आहे म्हणाली. मागच्या बाजूला त्यांनी पेनाने तिचा नाशिकचा पत्ता लिहिला आहे.