१७ वर्षांनी सुटून आलेले बाबा दार उघडत नाहीत, तेव्हा

समुपदेशनासाठी आलेल्या एका मुलीचा प्रश्न असा होता : “बाबा १७ वर्षांची शिक्षा भोगून पाच आठवड्यांपूर्वी घरी आले. ते गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते. आता ते दिवसभर एका कोपऱ्यात बसून असतात. दार नुसतं लोटलेलं असलं तरी स्वतः उघडत नाहीत, कुणीतरी उघडेपर्यंत उभे राहतात. पाणी पिऊ का, असं आईला विचारतात. मागच्या आठवड्यात त्यांना गर्दीच्या बाजारात नेलं, तर घामाघूम झाले आणि तेव्हापासून बाहेर पडायचं नावच काढत नाहीत. काल म्हणाले, ‘आत होतो तेच बरं होतं.’ आमचं काय चुकतंय? ते आता असेच राहणार का?” (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत; अशा बहुतेक घरांतून थोड्याफार फरकाने हेच ऐकू येतं.)

मायलेकींच्या मनात दोन भीती होत्या : यांच्या डोक्यावर परिणाम झालाय, किंवा यांना आम्ही नकोसे झालोय. इथे दोन्ही खरं नव्हतं. तुरुंगात दार उघडणं हे कैद्याचं काम नसतं. उठायचं कधी, जेवायचं कधी, बराकीत परतायचं कधी, सगळं दुसरं कुणीतरी ठरवतं. विचारल्याशिवाय हललं तर शिक्षा होते, म्हणून न विचारता काही न करणं हीच तिथली शहाणी वागणूक ठरते. तुरुंगाच्या रीती माणसाच्या अंगवळणी कशा पडतात, हे डोनाल्ड क्लेमर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९४० मध्येच मांडलं होतं. ज्या सवयीने १७ वर्षं निभावून नेलं, ती सुटकेच्या कागदावर सही झाली म्हणून सुटत नाही. ती हळूहळू मोडते, पण त्यासाठी घरच्यांना आपल्या मायेला थोडा लगाम घालावा लागतो.

कारण माया इथे दोन टोकांना जाते. एक, सगळं हातात देणं. बाबा दारापाशी थांबले की मुलगी धावत जाऊन दार उघडायची. त्याऐवजी जागेवरूनच म्हणायचं, “उघडंच आहे, बाबा.” आणि थांबायचं. अर्धा मिनिट गेला तरी चालेल. पाण्याचा तांब्या त्यांच्या हाताशी ठेवायचा आणि “पिऊ का?” या प्रश्नाला “हो, प्या” असं न म्हणता “तुम्हाला हवं तेव्हा घ्या” म्हणायचं. ‘हो’ म्हटलं तरी परवानगी देणारं माणूस शिल्लक राहतंच.

दुसरं टोक म्हणजे एकदम सगळं खुलं करणं. “आज काय खायचं, कुठे जायचं, कुठला शर्ट?” असे प्रश्न आले की बाबा “काहीही चालेल” म्हणून गप्प बसतात. घरच्यांना ते तुटकपणाचं वाटतं. पर्याय दोनच द्यावेत : हा की तो. आठवडाभर ते जमलं की तीन. जेवणाखाण्याच्या आणि झोपेच्या वेळा पहिले काही आठवडे ठरलेल्याच ठेवाव्यात. दिवसाची चौकट एका दिवसात गेली की बेचैनी वाढते.

बाजारात काय बिघडलं ते नीट समजून घ्यायला हवं. वर्षानुवर्षं नजर भिंतीपलीकडे गेलेली नसते, त्यामुळे वेगाने येणाऱ्या गाडीचा अंदाज चुकतो आणि रस्ता ओलांडायची धास्ती बसते. आत पाठीमागून कुणी जवळ आलं तर सावध व्हायचं असतं. गर्दीत चारही बाजूंनी माणसं अंगाला घासतात. छाती धडधडू लागली आणि घरच्यांनी घाबरून त्यांना लगेच घरी आणलं. भीती शिगेला असताना पळ काढला की मनाची खात्री पटते की बाहेर धोकाच आहे आणि पळाल्यामुळेच आपण वाचलो. पुढच्या वेळी भीती आणखी लवकर येते.

म्हणून पायऱ्या पाडल्या. आधी फाटकापर्यंत, मग गल्लीच्या टोकापर्यंत कुणाला सोबत घेऊन, मग तेवढंच अंतर एकट्याने, मग शांत वेळी एक दुकान, आणि बाजार सगळ्यात शेवटी. प्रत्येक पायरीवर बाबांनीच भीतीला शून्य ते दहा असा आकडा द्यायचा. सात असेल तर तिथेच थांबायचं, भिंतीला टेकून किंवा बसून, आणि आकडा तीन-चारवर उतरला की परतायचं. याला अर्धा तासही लागू शकतो. तीच पायरी तीन-चारदा सहज जमली की पुढची. आकडा नऊवर गेला तर पायरी फार मोठी पडली. तिचे दोन तुकडे करायचे. दुकानात जाताना त्यांच्या हाताने लिहिलेली तीन वस्तूंची यादी आणि त्यांच्या खिशात रोख पैसे. हिशोब चुकला तर तिथल्या तिथे दुरुस्त करायला कुणी पुढे सरसावू नये.

रात्रीचंही सांगायला हवं. दिवा चालू ठेवून झोपणं, जमिनीवरच झोप लागणं, तुरुंगातल्या गिनतीच्या (कैद्यांच्या मोजणीच्या) वेळेला दचकून जागं होणं, हे सगळं चालू द्यावं. दिवा हळूहळू मंद करता येतो. झोपेतून उठवताना अंगाला हात लावू नये, लांबूनच नाव घेऊन हाक मारावी. आणि खोलीची कडी आतून त्यांच्या हातात असावी, घरच्यांनी दार वाजवून आत जावं.

मोबाइल फोन हे नव्या जगातलं सगळ्यात मोठं कोडं. पहिल्या आठवड्यात फक्त फोन घेणं आणि लावणं, तीन नंबर साठवलेले. मग संदेश, मग फोटो. पैशांचे व्यवहार अगदी शेवटी. शिकवताना फोन त्यांच्या हातातून ओढून “असं करा” म्हणू नये. बोट त्यांचंच चालायला हवं. एक नियम वहीत मोठ्या अक्षरात लिहून घ्यावा : कुणीही फोनवर सांकेतिक अंक (ओटीपी, पिन) विचारले तर फोन ठेवायचा. वर्षानुवर्षं हुकूम ऐकलेला माणूस अधिकाराच्या आवाजापुढे पटकन मान तुकवतो, आणि फसवणारे नेमके त्याच आवाजात बोलतात.

आईशी स्वतंत्र बोलणं झालं, आणि ते जास्त अवघड होतं. १७ वर्षं घर तिने एकटीने ओढलं. आता कर्तेपणाची जागा परत द्यायची की नाही, या विचाराने ती हैराण होती. एकदम देऊ नये आणि पूर्ण अडवूही नये. घराचे व्यवहार तिच्याकडेच राहिले. एक काम, रोजची झाडलोट आणि झाडांना पाणी, पूर्णपणे त्यांचं झालं. ते विसरले तर झाड सुकेल, पण आईने गुपचूप पाणी घालायचं नाही. मुलीचं दुखणं वेगळं. बाबांच्या मनात अजून सहा वर्षांची मुलगीच आहे. ते तसंच बोलतात आणि ती चिडते. जुने फोटो वर्षांच्या क्रमाने लावून रोज थोडे एकत्र पाहणं, हा यावरचा साधा उपाय. “तिथे काय काय झालं?” असं खोदून विचारू नये. “आज नको” म्हणायची मुभा दोघांनाही असावी.

आत असताना आईवडील गेले असतील तर त्यांचं दुःख बहुधा बाहेर आल्यावर उसळतं. त्याला आळस समजू नका.

तब्येतीचं पहिल्या दोन आठवड्यांतच बघावं : डोळे, दात, रक्तदाब, साखर, जुना खोकला, आणि आत चालू असलेल्या गोळ्या खंडित तर झाल्या नाहीत ना. व्यसन होतं अशा घरांनी आणखी सावध राहावं. व्यसन बंद असताना नशा झेलण्याची शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, त्यामुळे नशेचं जुनं प्रमाण जिवावर बेततं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या सुमारे १२.७ पट होता, आणि त्यात अमली पदार्थांच्या अतिसेवनाचा वाटा सर्वांत मोठा होता.

बाबांना आणखी एक ओढ होती : ज्यांचं नुकसान झालं त्या घरी जाऊन माफी मागायची. भावना खरी असली तरी न कळवता दारात उभं राहणं त्या कुटुंबावर पुन्हा आघात करतं, आणि सुटकेच्या अटींचा भंगही होऊ शकतो. पत्र लिहून समुपदेशकाकडे ठेवावं. पुढचं पाऊल त्या कुटुंबाकडून आलं तरच टाकावं.

आता ते वाक्य, ‘आत होतो तेच बरं होतं.’ बहुतेकदा त्याचा अर्थ एवढाच असतो की तिथे काय करायचं ते माहीत होतं. “असं बोलू नका” म्हणून तोंड बंद केलं की माणूस पुढचं सांगत नाही. शांतपणे विचारावं, “जगणं नको वाटतं का? जीव द्यायचे विचार येतात का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो असेल, किंवा आठवडाभर झोप दोन-तीन तासांवर आली, खाणं सुटलं, नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, वस्तू वाटून टाकणं सुरू झालं, तर समुपदेशकाच्या पुढच्या भेटीची वाट पाहू नका. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, आणि तोवर त्यांना एकटं सोडू नका.