नळी फिरवायच्या आधी थोडं थांब

लॅबमध्ये नवा आहेस, तर आधी थांबायला शिक. साध्या नळीतलं (गोठू न देणारं रसायन नसलेल्या) रक्त नीट गोठायला 30 ते 60 मिनिटं लागतात. घाईने सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, फिरवलंस तर सीरममध्ये (गोठलेल्या रक्तातून सुटणाऱ्या पिवळसर द्रवात) फायब्रिनचे, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचे, धागे राहतात आणि तेच पुढे मशीनच्या सुईत अडकतात.

सेंट्रिफ्यूजमध्ये समोरासमोरच्या नळ्या सारख्या वजनाच्या हव्यात. एकच नमुना असेल तर तशाच नळीत पाणी भरून, वजन जुळवून समोर ठेव. खडखड ऐकू आली की लगेच बंद कर. नळी फुटल्याची शंका आली, तर झाकण 30 मिनिटं उघडू नकोस. हवेत उडालेले बारीक थेंब खाली बसू देत.

मायक्रोपिपेटवर, म्हणजे अगदी थोडा द्रव मोजून घ्यायच्या साधनावर, मात्र माझा खरा जीव आहे. वरचं बटण पहिल्या टप्प्यापर्यंत दाब, टीप (खालचं प्लास्टिकचं टोक) द्रवात दोन-तीन मिलिमीटरच बुडव, पिपेट उभं धर आणि अंगठा सावकाश सोड. सीरम दाट असतं. झटकन सोडलंस की टीपमध्ये बुडबुडा दिसतो. तो दिसला की ते माप टाकून दे, पुन्हा घे. टीपमध्ये द्रव असताना पिपेट आडवं ठेवू नकोस, तो पिपेटच्या आत शिरतो. तोंडाने ओढणं तर कधीच नाही.

काच धुतल्यावर पाणी सलग ओघळतंय का बघ. थेंब चिकटून राहिले तर अजून तेलकटपणा आहे, परत धू.