मऊ आमिष गळावर टिकवायचं तर

आमिष फेकतानाच उडून जातंय ना? मग गळ बदलण्याआधी मीठ वापरून बघ. शिंपल्याचं मांस किंवा सोललेली कोळंबी जाड्या मिठात रात्रभर ठेव. पाणी सुटतं, मांस चिवट होतं. ओवताना एकदाच टोचून सोडू नकोस, दोन-तीनदा आरपार काढ. वरून बारीक इलॅस्टिक दोऱ्याचे सात-आठ वेढे दे. गाठ मारायची गरज नाही, ताणून तोडला की दोरा आपोआप धरून बसतो. पण गळाचं टोक मोकळंच हवं! ते मांसात दडलं, तर मासा आमिष चाटूनपुसून जाईल आणि तू बघत बसशील. फेकताना झटका नको, संथ झोका दे. बारीक मासे कुरतडत असतील तर मात्र कितीही बांध, अधूनमधून दोरी ओढून बघावीच लागते.