निकोटीन गमने उचक्या लागतात, तलफ मात्र जात नाही : उत्तर

तुम्ही लिहिलंय की सिगरेट सोडायला म्हणून निकोटीन गम सुरू केल्यापासून उचक्या लागतात, छातीत जळजळतं, तलफ मात्र जागच्या जागी, आणि म्हणून सिगरेट पुन्हा सुरू झाली. ही तक्रार फार ओळखीची आहे. दोष बहुतेक वेळा गमचा नसतो, चघळण्याचा असतो. सिगरेट का सोडावी ते सांगत बसत नाही, पाकिटावर छापलेलंच असतं.

या गममधलं निकोटीन पोटातून नव्हे, गालाच्या आतल्या अस्तरातून रक्तात जायला हवं. साध्या च्युइंगमसारखा कचाकचा चावलात की ते लाळेबरोबर गिळलं जातं. उचक्या आणि जळजळ तिथूनच. शिवाय गिळलेल्यातलं बरंचसं यकृत परस्पर मोडून टाकतं, म्हणजे त्रास पुरेपूर आणि फायदा नावापुरता. सावकाश चावा. जीभ चुरचुरली, तिखटसर चव आली की थांबा आणि गम गाल व हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा. मिनिटभरात चव ओसरली की पुन्हा दोन-चारदा चावा, आता दुसऱ्या बाजूला ठेवा. दर वेळी तीच जागा धरलीत तर हिरडी हुळहुळते. असं साधारण अर्धा तास.

आणि कॉफी! गममध्ये थोडा क्षार मुद्दाम घातलेला असतो, कारण तोंड आम्लधर्मी असेल तर निकोटीन अस्तरातून नीट पार होत नाही. कॉफी, फळांचा रस, कोल्ड्रिंक यांनी नेमकं तेच होतं. गमच्या आधी १५ मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत काही खाऊ-पिऊ नका.

पण सगळ्यात महागात पडतं ते वेगळंच. सल्ला द्यायला म्हणून मांडलेल्या खिडकीवर माणसाला एक प्रश्नही न विचारता २ मिलिग्रॅमच्या गमचं पाकीट हातात ठेवतात आणि 'वाटलं की एक तोंडात टाका' म्हणून पुढच्याला बोलावतात. कुठली खिडकी ते लिहीत नाही. झुरक्यातलं निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचतं, गमला वीस-तीस मिनिटं लागतात. तलफ आल्यावर गम शोधणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगरेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचा घ्या, आणि घड्याळ लावून घ्या : पहिले ६ आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे ३ आठवडे दोन-चार तासांनी, शेवटचे ३ आठवडे चार-आठ तासांनी. दिवसाला २४ च्या वर नको. बहुतेक लोक 'कमी घेतलेलं बरं' म्हणून चार-पाचांवर भागवतात आणि मग गमलाच नावं ठेवतात.

माझं मत विचाराल तर नुसत्या गमवर राहू नका, सोबत पॅच, म्हणजे त्वचेवर चिकटवायची निकोटीनची पट्टी, लावा. पॅच दिवसभर पातळी धरून ठेवतो, गम अचानक उसळणाऱ्या तलफेपुरता, म्हणजे वरचं घड्याळ मग लागत नाही. दिवसाला १० पेक्षा जास्त ओढत असाल तर २१ मिलिग्रॅमचा ६ आठवडे, मग १४ चा २, मग ७ चा २. जागा रोज बदला, केस नसलेली कोरडी त्वचा निवडा. विचित्र स्वप्नं पडू लागली तर झोपताना काढून ठेवा.

ई-सिगरेटवर वाद घालायचा नाही. ती सोडायला मदत करते असे पुरावे आहेत, पण काही देशांत बंदी आहे आणि दीर्घकालीन परिणाम अजून पुरते कळलेले नाहीत. खरा सापळा म्हणजे ती आणि साधी सिगरेट दोन्ही चालू ठेवणं. 'हर्बल' सिगरेट मात्र सरळ विसरा : निकोटीन नाही, पण डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड आहेच.

जाता जाता : धुरामुळे यकृत कॅफिन भराभर मोडत असतं. धूर बंद झाला की तीच कॉफी जास्त चढते. हात थरथरणं, झोप उडणं हे सगळं सिगरेट सोडल्याचं समजू नका, कॉफी निम्मी करून बघा. याच कारणाने थिओफिलिन (दम्याचं), क्लोझापिन (मानसिक आजाराचं) अशा औषधांचा डोस बदलावा लागतो. ती चालू असतील, गरोदरपण असेल किंवा नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर आधी डॉक्टर. मी डॉक्टर नाही.

वापरलेल्या पॅचमध्येही निकोटीन उरतं. चिकट बाजू आत दुमडून मुलं आणि पाळीव जनावरं पोचणार नाहीत अशा डब्यात टाका, चघळलेला गमही कागदात गुंडाळून तिथेच.